अर्धी भाकरी, मुद्देमाल क्रमांक एक

ती अर्धी भाकरी मला आजही आठवते. नोकरीत मी मुद्देमाल म्हणून काय काय जप्त केलं नसेल! कुऱ्हाडी, सायकली, हातभट्टीची पिंपं. एकदा तर चोरीची म्हैस ठाण्याच्या आवारात तीन आठवडे बांधून ठेवली होती आणि तिचं दूध कोणी काढायचं यावरून शिपायांची जुंपली होती. पण पंच बोलावून, कागदात गुंडाळून, वर कापड शिवून आणि लाखेचं सील मारून भाकरी जप्त केली ती आयुष्यात एकदाच.

बहात्तरचा दुष्काळ सरत आला होता. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आताचा धाराशिव. त्याच्या दक्षिणेकडच्या एका तालुक्याच्या गावी मी फौजदार होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची तर मुळीच सांगणार नाही. वय सत्तावीस, अंगात रग, आणि माणूस नुसता बघितला की गुन्हेगार ओळखतो असा एक फुकाचा गर्व. तो गर्व कसा उतरला तेही यात येईल, कारण ते टाळून ही हकिगत पुरी होत नाही.

रोहिणी नक्षत्र संपत आलं होतं, मृग चार-पाच दिवसांवर. आमच्या भागात पुष्कळ शेतकरी पावसाची वाट न बघता कोरड्या रानातच बी टाकतात. धूळपेरणी म्हणतात तिला. त्या साली सगळ्यांची घाई होती, पण बी कुणाकडेच नव्हतं. घरचं बियाणं लोकांनी दुष्काळात दळून खाल्लं होतं. म्हणून सरकारनं संकरित ज्वारीचं बियाणं तालुक्याच्या सहकारी संघामार्फत वाटायला काढलं. थैलीला शिशाचं सील, वर तपासणीची चिठ्ठी. दाण्यांना बुरशीचं विषारी औषध चोळलेलं, आणि चुकून कुणी खाऊ नये म्हणून वरून गुलाबी रंग. तीन दिवस वाटप जोरात चाललं होतं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी स्टेशन डायरी तपासत बसलो होतो. फोन वाजला. पंचायत समितीचा कारकून धापा टाकत बोलत होता.

"फौजदार साहेब, लवकर या! एक बाई आमच्या पायरीवर बसून भाकरी खातीया."

"मग खाऊ द्या की!"

"अहो, बियाण्याची भाकरी! विषाच्या बियाण्याची!"

मी टोपी उचलली. आत्महत्येचा प्रयत्न, कलम तीनशे नऊ. माझ्याबरोबर आमचे हवालदार होते. पन्नाशीचे, सीमेवरच्या गावचे, घरी कानडी बोलणारे. कसलीही बातमी आली तरी ते पानाला चुना लावायचं थांबवत नसत. त्या दिवशी मात्र पान तसंच टेबलावर राहिलं. ठाण्याची जीप धक्का मारल्याशिवाय सुरू होत नसे. दोन शिपाई आणि रस्त्यावरचे चार जण मागून लागले, तेव्हा कुठे ती निघाली.

पायरीवर एक चाळिशीची बाई पदर कमरेला खोचून बसली होती. पुढ्यात फडकं, फडक्यात लालसर भाकरी आणि तिखटाचा गोळा. आरोग्य केंद्राचे डॉक्टर मिठाच्या पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यासमोर गयावया करत उभे होते. भोवती ही गर्दी!

"बाई, टाका ती भाकरी!" मी ओरडलो.

तिनं शांतपणे घास चावून गिळला आणि म्हणाली, "भाकर टाकत नसत्यात, सायेब. औंदा तर न्हायच न्हाय."

"अहो, विष आहे त्यात!"

"तेच तर सांगायलेय म्या. न्हाय त्यात इख. तुमच्या मनगटाला घड्याळ हाय न्हव? बसा मंग. म्या बी हितंच बसते. मेले तर तुमचं खरं."

डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले की औषध पोटात गेलं असेल तर तासा-दोन तासांत कळेल; उलटी काढायला ती तयार नाही आणि चौघांनी धरून काढायची तर तिच्याजवळ विळा आहे. विळा खरंच मांडीखाली होता.

मग आम्ही बसलो. असा तपास मी कधी केला नव्हता. डॉक्टर दर दहा मिनिटांनी तिची नाडी बघत होते आणि मी तिची हकिगत ऐकत होतो.

ती गावातल्या बौद्धवाड्यातली. संघाच्या गोदामात झाडलोट करायची. आमच्याकडे गोदामांचा एक जुना रिवाज होता, की पोत्यांतून सांडलेलं धान्य, म्हणजे झाडण, झाडणाऱ्या बाईचं. दुष्काळात त्या झाडणावर तिचं घर तगलं होतं. बियाण्याची झाडण मात्र ती घरी नेत नसे, लांब खड्डा करून पुरून टाकत असे. 

"मागली दोन सालं बियाण्याच्या सांडीकडं मुंगी फिरकली न्हाय, सायेब. औंदा बगितलं तर ही लाईन लागलेली! दाणं उचलून निघाल्यात बिळाकडं. म्या म्हणलं, आरं, मुंगी न्हाय मरत, मंग ह्ये कसलं इख? मूठभर दाणं घरी नेलं अन् पाण्यात चोळलं. गुलाबी रंग निघाला. खाली काय असावं? मिलो!"

मिलो म्हणताच गर्दीतल्या बायका एकदम बोलायला लागल्या. मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. दुष्काळी कामावरच्या मजुरांना रेशनवर वाटलेली. सगळ्या जिल्ह्यानं ती खाल्ली होती आणि सगळ्या जिल्ह्यानं तिला शिव्या घातल्या होत्या.

"सालभर थापलीया की म्या ती. थापताना काठ फाटतो, गार झाली की दगड. डोळं झाकून वळखीन."

"मग तुम्ही हे कुणाला सांगितलं नाही?"

"गोदामवाल्याला सांगितलं, त्यो माझ्यावरच वसकला. हितल्या शेतीसायबास्नी सांगितलं, त्ये हसलं. म्हणले, बाई, सील बघ, चिठ्ठी बघ. आता मला सांगा, चिठ्ठी पेरायची हाय का?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "गायरानातली दोन एकर औंदा माझ्या नावावर झाली, सायेब. आमच्या सात पिढ्यांत कुणी सोताच्या रानात मूठ धरली न्हवती. खडी फोडून थैली इकत घेतली. सोमवारी पेरणार व्हते. बोलून आयकत न्हाईत, म्हून म्हणलं, खाऊन दावावं."

मला आधी हसू आलं आणि मग हिशेब ध्यानात आला. ही म्हणते ते खरं असेल तर तालुक्याच्या रानोरानी दगडासारखी मिलो पडणार होती. परदेशातली, किती दिवस कुठल्या कोठारात पडलेली, उगवली तर उगवली! आणि चार दिवसांत पेरण्या सुरू होणार. एक साल दुष्काळानं खाल्लेलं, दुसरं हे बियाणं खाणार.

पण आधी ती जगायला हवी होती. डॉक्टरांना औषधाचं नेमकं नाव हवं होतं, म्हणून मी संघाच्या दोघांना तिथेच बोलावून घेतलं. एक गोदाम सांभाळणारा, ज्याच्याकडे किल्ली होती. डोळे तांबारलेले, तोंडाला कालच्या दारूचा वास, आणि आल्या आल्या बाईवर खेकसला, "काय नाटक लावलंय गं ह्ये?" दुसरा संघाचा ग्रेडर. लेव्हीच्या, म्हणजे सरकारनं शेतकऱ्यांकडून सक्तीनं घेतलेल्या ज्वारीची प्रत ठरवणं हे त्याचं काम. पांढरे कपडे, गोड बोलणं, हातात कागदपत्रांची फाईल. मी न मागता त्यानं मला सगळं समजावून दिलं. औषधाचं नाव सांगितलं, डॉक्टरांना ते लिहून दिलं, बाईकडे बघून हळहळला.

"दाणे आहेत का तिच्याकडे? बघू," म्हणत त्यानं फडक्याच्या गाठीतले गुलाबी दाणे तळहातावर घेतले. फुंकर मारली. अंगठ्यानं चोळले. आणि बोलता बोलता दोन दाणे दाढेखाली टाकून कट्कन चावले.

"अहो, थुंका! थुंका ते!" गोदामवाला किंचाळला. त्यानं धावत जाऊन ग्रेडरचा जबडाच धरला. "इख हाय ते, मरशीला! पाणी आणा रं!" आणि स्वतःच डॉक्टरांच्या हातातला तांब्या हिसकावून त्याच्या तोंडाशी नेला.

ग्रेडरनं दाणे थुंकले, तांब्या हातानं बाजूला सारला आणि रुमालानं ओठ टिपले. "सवय हो साहेब," तो माझ्याकडे बघून हसला. "बारा वर्षं धान्य चावूनच ओल बघतोय."

मीही हसलो. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. डोळ्यांदेखत गुन्हा उलगडला होता आणि मी हसलो.

दीड वाजून गेला. बाईला उलटी नाही, कळ नाही, काही नाही. डॉक्टरांनी शेवटची नाडी बघितली आणि पुटपुटले, "माझ्यापेक्षा हिचीच चांगली आहे." ती म्हणाली, "हात सोडा की आता, दुखायला लागला." गर्दीत हशा पिकला. मी उठलो आणि उरलेली अर्धी भाकरी उचलली.

"ती कशाला नेताय? भूक हाय अजून."

"बाई, हा पुरावा आहे."

"सालभर खाल्ली तवा कुणी पुरावा म्हणलं न्हाय," ती म्हणाली, पण दिली.

मग एकच धावपळ. दोन पंच घेऊन गोदाम गाठलं. थप्पीच्या बुडापासून दाराच्या फटीपर्यंत मुंग्यांची ठसठशीत रांग, प्रत्येकीच्या तोंडात गुलाबी कण. हवालदार वाकून बघत म्हणाले, "सायेब, पंच म्हणून ह्यांच्याच सह्या घेतल्या असत्या." शेतीच्या साहेबांना समोर उभं करून दहा ठिकाणच्या थैल्या फोडल्या आणि घमेल्यात पाणी ओतून दाणे चोळले. पाणी गुलाबी झालं आणि खाली तांबडी मिलो उरली. साहेब खालीच बसले. सील खरं, चिठ्ठी खरी, थैली खरी. माल तेवढा खोटा.

फसवणूक, विश्वासघात, बियाणे कायदा, जीवनावश्यक वस्तूंचा कायदा, सगळी कलमं लावून गुन्हा नोंदवला. फिर्यादी ती बाई. शिपायानं अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे केला, तेव्हा तिनं तो सरकवून दिला. "सही करते म्या," म्हणाली, आणि सावकाश, एकेक अक्षर घोटून केली.

आता आरोपी. मला कसलीच शंका नव्हती. किल्ली गोदामवाल्याकडे, दारू पिणारा तो, बाई सांगायला गेली तर तिच्यावर वसकला तो. ग्रेडरनंही मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "माणूस तसा वाईट नाही साहेब, पण बाटली दिली की किल्लीही देतो." मी त्याचे आभार मानून त्याला चहा पाजला आणि गोदामवाल्याला आतल्या खोलीत घेतलं.

तास गेला. तो रडे, आई-भवानीची शपथ घेई, मध्येच उलट बोले. खरा माल कुठं आहे म्हटलं की नुसता बघत राही. बाहेर वेळ पळत होता. गावोगाव थैल्या पोचलेल्या. माझा पारा चढला आणि हात उचलला गेला.

"सायेब." दारातून आवाज आला. जबाब पुरा करायला थांबवलेली ती बाई तिथे उभी होती. "ह्याला कशापायी धरलंय?"

"बाई, तुम्ही यात पडू नका. तुमच्यावर वसकणारा हाच ना?"

"त्यो समद्यावरच वसकतो. तोंडानं लई वंगाळ हाय. पर त्यो सकाळी थुंका म्हणत व्हता की वो!"

माझा हात तसाच राहिला.

"त्याला ठाव असतं ह्यात इख न्हाय, तर त्यो कशाला वरडला असता?" ती म्हणाली. "अन् चावलं ज्यानं, त्यानं चूळ बी भरली न्हाय. म्या बगत व्हते. भ्यालेलं मानूस आधी पान्याकडं पळतं."

 माझ्यामागे उभे असलेले हवालदार कानडीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. अर्थ मी आजवर विचारलेला नाही, पण रोख माझ्या अकलेकडे असावा. धान्य चावून बघणाऱ्या माणसाची सवय मी ऐकून होतो. पण तीच सवय विषाच्या दाण्यापुढे आपोआप थांबते, हे मला सुचलं नव्हतं. बियाण्याला हात लावला तरी आमच्याकडची माणसं दोनदा हात धुतात. त्याची सवय थांबली नाही, कारण त्याच्या दाढेला ठाऊक होतं की ही मिलो आहे.

बाहेर येऊन मी ग्रेडरच्या समोर बसलो. तो चहा संपवून फाईल चाळत होता. टेबलावर मी एक बशी ठेवली. बशीत गुलाबी दाणे.

"हे खरं बियाणं. शेतीच्या साहेबांच्या कपाटातला, तपासणीसाठी राखून ठेवलेला नमुना," मी म्हणालो. "जरा ओल बघून सांगा."

त्यानं बशीकडे बघितलं. हात हलला नाही.

"बघा की. सकाळी बघितली तशी. चावून."

"साहेब, ते... औषध लावलेलं असतं."

"सकाळच्यालाही लावलेलं होतं. बाई मरते की जगते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. बारा वर्षांची सवय चार तासांत सुटली?"

त्याच्या कपाळावर घाम आला. हवालदारांनी त्याच्या मागे उभं राहून पान जमवायला घेतलं, आणि अडकित्त्याचा तेवढा आवाज येत राहिला. दोन मिनिटं गेली असतील, नसतील. ग्रेडर एकदम टेबलावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला.

बशीतले दाणे गोदामातलेच होते. कपाटातला नमुना वगैरे काही नव्हतं. ते त्याला नंतर सांगितलं, तेव्हा तो डोळे मिटून बसला.

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. जिल्ह्याहून आलेला बियाण्याचा ट्रक वाटेत एका व्यापाऱ्याच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये थांबवायचा, खरं बियाणं तिथं साध्या थैल्यांत काढायचं आणि रंगवलेली मिलो चिठ्ठीच्या मूळ थैल्यांत भरून, सील मारून गोदामात पाठवायची. मिलो मजुरांच्या रेशनमधून पळवलेली. सील मारायची पक्कड संघाची, लेव्हीच्या पोत्यांसाठी ग्रेडरच्याच ताब्यात असलेली. गोदामवाल्याला बंद थैल्या मिळत होत्या, त्यानं त्या लावून घेतल्या होत्या. त्याचा गुन्हा एवढाच, की बाईचं ऐकलं नाही. तो गुन्हा धरायचा तर शेतीच्या साहेबांनाही आत टाकावं लागलं असतं.

"खरा माल कुठाय?"

"शेडमध्येच... आज पाच वाजता सीमेपलीकडं जाणार."

घड्याळात सव्वाचार झाले होते!

जीपला धक्का मारायला त्या दिवशी गोदामवालाही लागला. तालुक्याची हद्द ओलांडायची होती, पुढच्या ठाण्याला फोन लागेना, म्हणून डायरीत नोंद करून सरळ निघालो. अणदूर मागे पडलं. खंडोबाचा कळस दिसला तसे हवालदार हात जोडून म्हणाले, "येळकोट! तेवढा ट्रक दाव रं देवा." आणि पुढच्या वळणावर खरोखरच ट्रक दिसला, कडब्यानं शिगोशीग भरलेला. दुष्काळात कडबा बाहेरून जिल्ह्यात येत होता. इथून बाहेर चाललेला कडबा बघितला तेव्हाच मी ओळखलं.

जीप पुढे काढून आडवी घातली. ड्रायव्हर खिडकीतून कानडीत तावातावानं बोलायला लागला. हवालदार उडी मारून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्याच्याहून मोठ्या आवाजात गरजले, "निल्लसरी! गाडी निल्लसरी!" थांबवा, एवढंच ते म्हणाले, पण असं म्हणाले की इंजिन आधी बंद पडलं आणि ड्रायव्हर नंतर खाली उतरला. कडब्याच्या चार पेंढ्या ओढल्या. खाली थैल्याच थैल्या! मी एक फोडली, दाणे पाण्यात चोळले. गुलाबी रंगाखाली पांढराशुभ्र दाणा निघाला आणि औषधाचा उग्र वास नाकात गेला. मी भर रस्त्यात हवालदारांना मिठी मारली. ते म्हणाले, "सायेब, हात धुवा आधी."

शेडमध्ये रंगाचे हौद, मिलोची पोती, सीलची पक्कड आणि तो व्यापारी, सगळं मुद्देमालासकट सापडलं. त्याच संध्याकाळपासून गावोगाव दवंडी सुरू झाली. कोतवालांनी डफडी बडवली, आम्ही जीपवर कर्णा बांधून फिरलो. गुलाबी बी पेरू नका, थैल्या परत करा. एक-दोन गावांत लोकांनी पेरणीसाठी पाभरी जुंपायच्या तयारीत ठेवल्या होत्या. एका म्हाताऱ्यानं माझ्याच अंगावर दगड उचलला. थैली धुऊन दाखवली तेव्हा तो मटकन बसला.

आता खरी पंचाईत. सापडलेलं बियाणं हा मुद्देमाल. खटला संपेपर्यंत तो सीलबंद राहणार, आणि मृग दोन दिवसांवर! मी कागद घेऊन न्यायदंडाधिकाऱ्यांच्या घरीच गेलो. ते नियमाला फार कडक. चष्म्यावरून बघत म्हणाले, "मुद्देमाल सोडून द्यायचा म्हणता?"

"सोडून नाही साहेब. पेरायचा."

"आणि खटल्यात काय हजर करणार?"

"नमुना ठेवून घेऊ. बाकीची कणसं हजर करीन."

त्यांनी माझा कागद पहिल्यापासून पुन्हा वाचला. मग त्यांनी पेन काढलं. सुपूर्दनाम्यावर, म्हणजे हमीपत्रावर, बियाणं सोडायचा हुकूम घेऊन मी बाहेर पडलो तेव्हा मला नाचावंसं वाटत होतं.

पहिली थैली त्या बाईला दिली. तिनं ती तिथेच उसवली, मूठभर दाणे गोदामाच्या दारात मुंग्यांच्या रांगेवर टाकले आणि उकिडवी बसून राहिली. आम्हीही बसलो. मुंग्या दाण्यांपाशी आल्या, थबकल्या, आणि वळसा घालून निघून गेल्या. तेव्हा कुठे तिनं थैली डोक्यावर घेतली. सोमवारी तिनं तिच्या रानात पहिली मूठ धरली.

खटला पुढच्या वर्षी उभा राहिला. आरोपींचा वकील मोठ्या शहरातून आलेला. त्यानं तिला साक्षीच्या पिंजऱ्यात चांगलंच धारेवर धरलं.

"तुम्ही काय शास्त्रज्ञ आहात? दाण्यात विष आहे की नाही हे मुंग्यांवरून ठरवता?"

ती काही बोलायच्या आत न्यायाधीशांनी मुद्देमाल क्रमांक एक उघडायला सांगितला. सील शाबूत होतं, पंचांच्या सह्या शाबूत होत्या. शिपायानं कापडाची शिवण उसवली, कागद उलगडला. भाकरीचा नुसता भुगा उरला होता आणि शिवणीच्या फटींतून आत शिरलेल्या मुंग्यांची झुंबड त्यातून टेबलावर पसरली. वकिलाच्या कागदांवर, त्याच्या बाहीवर! मुद्देमाल खराब केला म्हणून माझी आता खरडपट्टी निघणार, अशी माझी खात्री झाली.

पिंजऱ्यातून ती शांतपणे म्हणाली, "मला इचारू नगा, वकील सायेब. त्यास्नी इचारा."

न्यायाधीशांनी हसू दाबायला रुमाल तोंडाला लावला. रासायनिक तपासणीचा अहवाल होताच, शिक्षा त्यावरच झाली. पण माझ्या मते निकाल त्या क्षणी लागला.

कोर्टाबाहेर गोदामवाला उभा होता. तिला बघून खेकसला, "उद्या येळंवर ये झाडायला!" ती म्हणाली, "येते. कुलूप येळंवर उघड." तिच्या रानातली पाच कणसं आदल्या हंगामातच ठाण्यात पोचली होती. टपोरी, हातात मावत नव्हती. "आता चावून बगा, सायेब," म्हणाली होती, "ह्ये खायचंच हाय."

या प्रकरणानं मला काय शिकवलं? त्या बियाण्यावर देखरेख ठेवायला सरकारनं अधिकारी नेमले होते, सील होतं, चिठ्ठी होती, रजिस्टर होतं. सगळे वर बघत होते. जमिनीकडे बघणारी एकटी तीच होती, कारण तिचं कामच ते होतं. आणि एक गोष्ट मला अजून टोचते. त्या दिवशी ठाण्यात मी आरोपीला खुर्ची दिली, चहा दिला. जिच्यामुळे तालुक्याची पेरणी वाचली ती दोन तास दाराशी उभी राहून जबाब देत होती, आणि तिला बसा म्हणायचं मला सुचलं नाही.

पुढे जिथे जिथे बदली झाली, तिथे कुठल्याही कचेरीत किंवा गोदामात तपासाला गेलो की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे. इथं झाडू कोण मारतं? त्यांना बोलवा, आणि आधी एक खुर्ची आणा.